पटावर एकोणीस, पंगतीत एक्केचाळीस

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. वडील गिरणीत, आई मालवणकडची, आणि आमच्या जोगेश्वरीच्या खोलीत कोणी हळू बोललं की त्याला बरं नाहीये का म्हणून कपाळाला हात लावून बघायचे. असा घसा घेऊन मी मास्तरीण झाले आणि नोकरीची शेवटची सात वर्षं पालिकेच्या अशा शाळेत काढली, जिथे ओरडायला पुरेशी मुलंच नव्हती.

शाळा खाडीपलीकडे. मी राहते चारकोपला. सकाळी रिक्षानं मार्वेचा धक्का गाठायचा, बोटीत बसायचं, पलीकडे उतरायचं आणि बोंबील सुकवायला उभ्या केलेल्या बांबूंमधून वाट काढत शाळेत पोचायचं. दोन खोल्या, एक ओटा, एक बदामाचं झाड. शिकवायला मी आणि एक तरुण सर. खिचडी शिजवायला गावातल्याच एक ख्रिस्ती मावशी. आणि पहिली ते चौथी मिळून मुलं वीस. मोजून वीस. एखादं मूल शी-शूला गेलं तरी आमचा पट हलायचा.

त्या विसांतल्या चौदा जणांचा पणजोबा एकच होता. चार मुलं मावशींच्या आळीतली ख्रिस्ती, आणि उरलेली दोन म्हणजे एका बंगल्याच्या नेपाळी राखणदाराची जुळी पोरं. झाली शाळा. कोणाच्या घरी बारसं असलं की हजेरी सहा. जत्रा असली की फक्त जुळे. एकदा मी पालकसभा बोलावली तर सगळे पालक एकमेकांचे दीर, जावा, नणंदा निघाले आणि सभेत मुलांच्या प्रगतीऐवजी सामाईक विहिरीचं भांडण निघालं. ते मी सोडवलं. म्हणजे सगळ्यांपेक्षा जोरात ओरडले.

आमचे सर टक्केवारीचे वेडे. वरून दर महिन्याला माहितीचा तक्ता यायचा. मुलं किती, मुली किती, धर्म कोणता, मातृभाषा कोणती, घरापासून शाळा किती लांब. मोठ्या शाळांसाठी केलेला तो तक्ता आमच्या शाळेला म्हणजे तान्ह्या बाळाला बापाचा कोट. पण सर तो लॅपटॉपवर मन लावून भरायचे.

"मॅडम, आपल्याकडे जुळ्यांचं प्रमाण दहा टक्के आहे. मुंबईत इतकं कुठेच नसेल."

"झकास. पाठवा बातमी."

"आणि आज एकाला जुलाब झालेत, म्हणजे शाळेतलं आजारपण पाच टक्के."

"सर, तो घरी बसून टरबूज खातोय. भरा पुढचं."

मातृभाषेचा रकाना मी स्वतः भरायला घेतला. तिसरीतल्या एकाला विचारलं, "घरी कोणती भाषा बोलता रे?" तो विचार करून म्हणाला, "घरी आई बोलते बाई, बाबा नुसते ऐकतात." मी "मराठी" लिहून मोकळी झाले.

आणि ह्या विसांखेरीज एक होती, जी कुठल्याच रकान्यात नव्हती. सहा वर्षांची एक मुलगी. महिनाभरापूर्वी आईबरोबर गावात राहायला आली होती, आईच्या एका लांबच्या मावशीकडे. पहिल्या दिवशी खिडकीतून डोकावली, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर बसली, तिसऱ्या दिवशी पहिलीच्या रांगेत येऊन बसली आणि खिचडीची ताटली घेऊन आपली पाळी कधी येते ते बघायला लागली. मी रोज हजेरी घ्यायची. विसावं नाव झालं की रजिस्टर फटकन बंद करायची. बंद झालं की मागून आवाज यायचा.

"आन् मी?"

रोज. एक दिवस चुकला नाही. सुरुवातीला मी हसले, मग वैतागले, मग तो आवाज आल्याशिवाय हजेरी संपली असं मलाच वाटेना.

मी तिच्या आईला बोलावून घेतलं. सडसडीत बाई, कमी बोलणारी. म्हटलं, "अगं, नाव घाल ना पोरीचं. दाखला नसला तरी चालेल, कागद मागाहून आण." ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "लगीन झाल्यावर घालते बाई. आता कोनाचं नाव लावू तिच्या नावापुढं? एकदाच काय ते लावते." मी काढलेला कोरा फॉर्म परत पर्समध्ये ठेवला.

तिचं लग्न ठरलं होतं आमच्या बोटवाल्याशी. तोच बोटीचा तांडेल, जो मला रोज खाडीपार करायचा. वय चाळिशीला टेकलेलं, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. दिवसभरात एकूण तीन वाक्यं बोलणारा माणूस. आणि ही पहिल्या नवऱ्यानं टाकलेली, पोरगी पदरात. गावात कुजबुज होतीच. बाईला घरात आणतोय ते ठीक, पण दुसऱ्याची पोर कशाला वाढवायची, असं त्याच्या एका काकानं भर धक्क्यावर बोलून दाखवलं होतं. तांडेलानं काकाला न घेताच बोट सोडली. मी त्या बोटीत होते आणि मला टाळी वाजवावीशी वाटली.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना परिपत्रक आलं. पटपडताळणी. अमुक शुक्रवारी साहेब येतील, डोकी मोजतील. पटावर आणि प्रत्यक्षात वीस मुलं भरली तर शाळा राहील. एक जरी कमी भरलं तर शाळा बंद, आणि मुलं खाडीअलीकडच्या मोठ्या शाळेत जातील. म्हणजे रोज बोटीनं. सहा-सात वर्षांची पोरं, पाठीवर दप्तर, आणि पावसाळ्यातली खाडी. मी परत जाताना तांडेलाला सांगितलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "जून-जुलयला मीच कधी कधी मोठ्या मानसांना न्यायला नाय बोलतो, बाई. ही बारकी कशी नेऊ?" दिवसाचं त्याचं एकही वाक्य उरलं नाही.

आम्ही वीस होतो, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण नशीब आमचं भलतंच विनोदी. आठवड्याभरातच चौथीतल्या एका मुलीची आई आली. मालाडला खोली घेतली, तिथल्या इंग्रजी शाळेत घालतेय, दाखला द्या. त्या चौदांतलीच मुलगी. हुशार, बडबडी, माझी लाडकी. मी दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. आई म्हणाली, "लग्नाला येनारच हाव, तवा नेते." दाखला माझ्या पर्समध्ये राहिला आणि मुलीचं नाव पटावर.

सरांनी लगेच लॅपटॉप उघडला. "मॅडम, आता मुली बावन्न पूर्णांक त्रेसष्ट टक्के."

"हे त्रेसष्ट म्हणजे कोण, सर? तिची राहिलेली रिबीन?"

सर लॅपटॉप मिटून हळूच म्हणाले, "एक सांगू? एक मुलगी पटावर आहे पण वर्गात नाही. एक वर्गात आहे पण पटावर नाही. बेरीज केली तर वीसच होतात."

"बेरीज तुमची बरोबर आहे, सर. माणसं चुकलीत."

असं बोलले खरी, पण दाखला पर्समध्येच होता. नेला नाहीये म्हणजे मुलगी गेली नाहीये, असं मी स्वतःला दोनदा सांगून बघितलं. माझा स्वतःवर विश्वास बसला नाही.

तेवढ्यात मावशी खिचडीचा डाव हातात घेऊन बाहेर आल्या. "बाई, तो शुक्रवार कुठला हाय ठाव हाय ना? तांडेलाची हलद हाय."

आवशीचो घो! गावात हळद म्हणजे घरोघरच्या चुली बंद. सगळे मांडवात. आणि आमच्या शाळेतली त्या एका पणजोबाची उरलेली तेरा मुलं नवऱ्याच्याच घरची, चार मावशींच्या आळीतली म्हणजे आमंत्रण असलेली, आणि जुळ्यांचा बाप मांडवाच्या दिव्यांची व्यवस्था बघणारा. म्हणजे अख्खी शाळाच हळदीला. मी वरच्या ऑफिसात फोन करून तारीख बदलून मागितली. पलीकडून विचारलं, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, "हळद." पलीकडून फोन ठेवला गेला. तारीख बदलली नाही.

मग मी घरोघर फिरले. साडेदहापर्यंत साहेब येतील, अकरापर्यंत मोजतील, मग न्या पोरं. सगळ्यांनी कबूल केलं. तांडेल म्हणाला, "पोरं येतील." तांडेलानं म्हटलं म्हणजे झालं.

शुक्रवारी पोरं आली आणि मी कपाळावर हात मारला. सगळी पोपटी. त्या गावची लग्नाची रीत अशी की घरातल्या सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यातले शिवायचे. मुलग्यांना पोपटी शर्ट, मुलींना पोपटी फ्रॉक, खाली बोटभर सोनेरी पट्टी. नंतर कोण पोरांचे कपडे बदलत बसणार म्हणून आयांनी सकाळीच तयार करून पाठवलेली. जुळेसुद्धा पोपटी. मावशींच्या आळीतलेही पोपटी. आणि ती सहा वर्षांचीही पोपटी. तिनं माझ्यासमोर एक गिरकी घेतली. मावशी मला कानात म्हणाल्या, "तागा आनला तेव्हा तांडेलानं शिंप्याला काय सांगितला ठाव हाय? पयलं हिचं काप, मग बाकीच्यांचं. काका बघतच राहिला."

साडेदहा वाजले, साहेब नाहीत. अकरा वाजले, साहेब नाहीत. तांडेल हळदीला बसलेला, त्यामुळे त्या दिवशी बोट चालवत होता त्याचा चुलतभाऊ. ओहोटी लागलेली. ज्या वळणावर तांडेल डोळे मिटून बोट घ्यायचा, तिथे ह्या बहाद्दरानं ती सरळ चिखलात बसवली. साहेब बोटीत. मधोमध. फोन लागत होता, तेवढंच. "मॅडम, मला खाडीत किती वेळ थांबावं लागेल?" मी म्हटलं, "भरती येईपर्यंत, किंवा चिखलात उतरायची तयारी होईपर्यंत."

साडेअकराला बँड आला. हळदीआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं असतं आणि विहिरीची वाट आमच्या शाळेच्या ओट्यावरून जाते. पहिला ढोल वाजला तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. "एकानं जरी पाय बाहेर टाकला ना, याद राखा!" ट्रम्पेट वाजलं तेव्हा पोरं माझ्या दोन्ही हातांखालून निघून गेली. त्यांना परत आणायला म्हणून सर धावले. सर नाचताना दिसले ते मी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

बाराला साहेब पोचले. बारीक अंगाचे, सभ्य, एका हातात बूट, एका हातात मोबाइल, गुडघ्यापर्यंत चिखल. शाळेत मी, रजिस्टर आणि बदामाचं झाड.

"मुलं?"

"हळदीला."

साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा आपल्या पायांकडे बघितलं. मला वाटलं, झालं, वाट लागली. पण त्या माणसात दम होता. म्हणाले, "चला, तिथे मोजू. मी इतक्या चिखलातून रिकाम्या हातानं परत जाणार नाही."

मांडवात आम्ही शिरलो आणि साहेब थबकले. चहूकडे पोपटी पोरं. खांबांना गोल फिरणारी, खुर्च्यांखालून रांगणारी, बँडवाल्याच्या ढोलात डोकं घालणारी. साहेबांचा चेहरा खुलला. "अरे वा! नवीन गणवेश का हा? परिपत्रक वाचलं होतं, रंग मात्र बघितला नव्हता. सोनेरी पट्टी फार छान आहे हो."

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मोजायला सुरुवात केली होती. सदतीस. परत मोजले तर चव्वेचाळीस. वसईचे, उत्तनचे, सगळीकडचे पाहुणे आपापली पोरं घेऊन आलेले आणि सगळी त्याच ताग्यातली. साहेबांनी सदतीस हा आकडा मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकला. ॲप लाल झालं. हजर संख्या पटापेक्षा जास्त असू शकत नाही, असा संदेश आला.

"मॅडम, तुमचा पट वीस ना?" साहेब संशयानं म्हणाले. "लोक मुलं कागदावर वाढवून दाखवतात. तुम्ही कमी का दाखवता?"

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यावर झालेला हा एकमेव आरोप. मी त्यांना ताग्याची रीत समजावली. ते म्हणाले, "मग आपल्या शाळेतली पुढे या," आणि सगळीच्या सगळी पुढे आली. वसईच्या एका पोरीला वाटलं पुढे आलं की आइस्क्रीम मिळणार आहे.

शेवटी मावशींनीच उपाय काढला. "जेवायला बसवा सायेब. पत्रावळ समोर असली की पोर हलत नाय." बसवली पंगत. खरंच, एक हललं नाही. साहेब पंगतीतून वाकून पत्रावळी मोजत गेले. एक्केचाळीस. मी रजिस्टर उघडलं आणि मांडवाच्या मधोमध, वडे वाढले जात असताना, हजेरी घ्यायला सुरुवात केली.

आता इथे दुसरी भानगड. ह्या घराण्यात थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबांना मुलगे चार. चौघांनीही बापाचा मान राखायचा म्हणून आपापल्या थोरल्याचं नाव तेच ठेवलेलं. त्यातले दोघे माझ्याकडे, आणि त्यांना मी लांब आणि आखूड म्हणून ओळखायची. बाकीचे दोघे पाहुणे. मी नाव घेतलं, पुढे बापाचं नाव घ्यायच्या आतच पंगतीतून चार पोरं ओरडली, "हजर बाई!" आणि मागून खुद्द आजोबा म्हणाले, "हाय हाय, हितंच हाय." साहेबांनी पेन खाली ठेवलं, डोळे पुसले. ते हसत होते की रडत होते ते मला कळलं नाही.

तरी एकेक करत एकोणीस झाले. सगळे हजर. राहिलं विसावं नाव. त्या मालाडवाल्या मुलीचं. माझा आवाज पहिल्यांदा आयुष्यात बारीक झाला. मी नाव घेतलं.

"हजर बाई!"

बसली होती ना समोरच. लग्नाला आलेली, पोपटी फ्रॉकमध्ये, तोंडात अर्धा वडा. सवयीनं ओरडली बिचारी. साहेबांनी ॲपमध्ये वीस टाकले. ॲप हिरवं झालं. मागे सरांनी दोन्ही हात जोडून वर बघितलं. साहेब म्हणाले, "झालं तर मग. वीस."

मी रजिस्टर फटकन बंद केलं. आणि पंगतीच्या टोकाकडून आवाज आला.

"आन् मी?"

साहेबांनी वळून बघितलं. "ही कोण? हिचं नाव नाही घेतलंत."

आता खरं तर मी गप्प राहायला हवं होतं. म्हणायचं होतं, पाहुणी आहे. संपला विषय, शाळा वाचली. पण ती पोरगी माझ्याकडे बघत होती, महिनाभर रोज बघायची तशीच. आणि ह्याच पोरांचे कान मी सात वर्षं पिळले होते, दुसऱ्याची हजेरी द्यायची नाही म्हणून. माझं तोंड माझ्या डोक्याच्या आधी चालतं.

"साहेब, ही रोज येते, पण पटावर नाही. आणि विसावी पटावर आहे, पण ती आता येत नाही. तिचा दाखला माझ्या पर्समध्ये आहे. एकोणीस लिहा."

बँड नेमका तेव्हाच थांबला होता, त्यामुळे हे सगळ्या मांडवानं ऐकलं. सर खाली बसले. मी पर्समधून दाखला काढून मालाडवाल्या मुलीच्या आईच्या हातात दिला. तिचे हात वड्यांच्या पिठाचे होते, तिनं तो दोन बोटांनी धरला. साहेबांनी ॲपमधला विसाचा आकडा पुसला. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, ते दिसत होतं. मला तर रडूच कोसळलं. मी रडताना फार वाईट दिसते, पण त्या दिवशी लपवायला जागा नव्हती.

"नाव घालायला काय लागतं?"

तांडेल बोलला होता. हळदीच्या पाटावरून उठून आला होता, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा, कमरेला टॉवेल. वऱ्हाडातल्या बायका ओरडल्या, अरे हळदीतून उठत नाहीत! त्यानं ऐकलं नाही. नवरीची हळदही त्याच मांडवात होती, तिला माहेर म्हणावं असं नव्हतंच म्हणून. ती तिच्या पाटावरून बघत होती.

साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "मी अजून सही केलेली नाही. आज दाखल झालेलं मूल आज पटावर धरता येतं. फॉर्म आहे का, मॅडम?"

फॉर्म आहे का! सात वर्षं मी पर्समध्ये कोरे फॉर्म घेऊन फिरत होते, कुठे बोटीत एखादं मूल सापडेल म्हणून. काढला. पत्रावळ पालथी घातली, त्यावर ठेवून भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, मातृभाषा. तिची आई तिथूनच सांगत होती. मग आला पालकाचा रकाना. मी तिथे पेन धरून थांबले. नवरीनं मान खाली घातली.

"माझा नाव लिवा," तांडेल म्हणाला.

मी लिहिलं. पुढचा रकाना होता, विद्यार्थ्याशी नाते. "इथे काय लिहू?"

"बापूस लिवा."

मागून तो काका खाकरला. "अरे, लगीन तर उद्या हाय."

तांडेल त्याच्याकडे वळला नाही. मला म्हणाला, "लगीन उद्या हाय. बापूस आज हाय. लिवा, बाई."

मी लिहिलं. त्यानं सही केली, आणि फॉर्मवर हळदीचा पंजा उमटला. साहेबांनी ॲपमध्ये वीस टाकले. ॲप हिरवं झालं, आणि कोणीतरी बँडवाल्याला ढोसलं. ह्या वेळी सरांबरोबर मीही नाचले. साहेब चिखलाच्या पायांनी पंगतीत बसले आणि सात वडे खाल्ले. मी मोजले. दिवसच मोजायचा होता.

शाळा राहिली. त्या फॉर्मची नक्कल वरच्या ऑफिसात गेली, तिथून एकानं फोन करून विचारलं की कागदावर पिवळं काय सांडलंय. मी म्हटलं, "पालकाची सही." तिच्या नावापुढे तांडेलाचं नाव लावायचे कागद पुढे कोर्टाकडून यथावकाश होणार होते. पण रजिस्टरमध्ये काय लिहायचं ते नियम ठरवतो, तोंडानं काय वाचायचं ते मी.

सोमवारी शाळा भरली. अर्ध्या पोरांच्या अंगावर अजून तेच पोपटी कपडे, धुतलेले. मी रजिस्टर उघडलं. एकोणीस नावं झाली. मग मी विसावं नाव घेतलं. तिचं नाव, त्यापुढे तांडेलाचं नाव, त्यापुढे त्याचं आडनाव. खणखणीत आवाजात, आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं.

कोणी उत्तर दिलं नाही. मी मान वर केली. ती पहिलीच्या रांगेत उठून उभी राहिली होती आणि मागे वळून बघत होती, ही कोण नवीन मुलगी आलीय म्हणून.

"अगं, तूच!" सगळा वर्ग ओरडला.

ती माझ्याकडे वळली. तिनं ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. पूर्ण. आडनावासकट. मग ओरडली, "हजर बाई!" इतक्या जोरात, की जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत तिला लगेच घरचं समजले असते. मी रजिस्टर बंद केलं आणि सवयीनं थांबले. मागून कोणी काही विचारलं नाही.